दुपट्टा ज्याच्या हाती

लोणार

बाबा,

तुम्हाले अन् मायले इथूनच पाया लागते. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होते. फोनवर तुम्ही मले बोलूच देत नाही, म्हणून पत्र लिहून राह्यली!

निघताना ऊन लागू नये म्हणून तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा माझ्या डोक्याले बांधला होता ना? तो आता मी शिकवते त्या सातवीच्या वर्गात फिरून राह्यला! दर शनिवारी आम्ही गोल बसतो अन् गावातल्या, पेपरातल्या एखाद्या विषयावर बोलतो. दुपट्टा ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.

आजचा विषय मोबाइल. राम नेहमीसारखा भरभरून बोलला. मग दुपट्टा त्याच्या जुळ्या बहिणीकडे, वैदेहीकडे गेला. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी म्हणाली, "अभ्यास मोबाइलवर येते, अन् मोबाइल सदा रामजवळ. मले कोणी विचारतच नाही."

राम मधेच बोलायला गेला, तर सगळा वर्ग ओरडला, "दुपट्टा कुठं आहे बे?"

त्याची पाळी आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मले मालूमच नव्हतं. आजपासून पहिले तुले देईन." बाबा, मी नाचायचीच बाकी राह्यली होती!

मायचे गुडघे कसे आहेत? फोनवर तिले विचारलं, की मागून तुम्हीच सांगता, "ठीक आहेत."

दिवाळीले दुपट्टा धुऊन आणते. पण तुमच्या खांद्यावर टाकायच्या आधी तो एकदा मायच्या हातात देईन.

तुमचीच बडबडी,
अर्पिता