बंद केलेल्या दुकानासाठी सल्लागार पाठवत राहण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
लघुव्यवसाय साहाय्य कक्ष,
नगरपरिषद कार्यालय, तळमजला (जिन्यामागची खोली).

विषय : फोटोफ्रेमचे दुकान बंद झाले असले तरी मंगळवारची सल्लागार-भेट चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : ‘व्यवसाय अस्तित्वात नसल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे’ असे कळवणारे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदार ही बाजारामागच्या गल्लीतील फोटोफ्रेमवाल्यांची धाकटी बहीण असून, सदर अर्ज थोरल्या बंधूंच्या वतीने करीत आहे. बंधूंना लिहिता येते. लिहीत नाहीत, एवढेच.

१. सदर दुकान बंधू व त्यांची पत्नी, म्हणजे अर्जदाराची वहिनी, असे दोघे मिळून चालवीत. बंधू आत बसून पट्ट्या कापत, कोपरे सांधत, काच बसवत. वहिनी पुढे बसून गिऱ्हाईक सांभाळत असे. बंधू मुळातले घुमे, त्यामुळे बोलण्याचे सगळे खाते वहिनीकडे. “हात त्यांचे, तोंड माझं,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. वहिनी गेल्या वर्षी आजारपणात वारली.

२. त्यानंतरही बंधू वेळेवर दुकान उघडत, परंतु दिवा लावत नसत. गिऱ्हाईक अंधारात डोकावून परत जाई. बंधू रडले नाहीत, चिडले नाहीत. जेवा म्हटले की जेवत, पडा म्हटले की आडवे होत. अर्जदाराने समजावून पाहिले, भांडून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी. अशातच पाणीपट्टी भरण्याच्या खिडकीशेजारी ‘धंदा अडचणीत आहे? आम्ही आहोत!’ असा आपल्या कक्षाचा कागद चिकटवलेला दिसला, म्हणून अर्जदार आत आली. तेथील लिपिकांनी विचारले, “अडचण कोणत्या प्रकारची? भांडवल, बाजारपेठ की मनुष्यबळ?” अर्जदाराने थोडा विचार करून मनुष्यबळ असे सांगितले.

३. त्यानुसार आपल्या सहयोगी संस्थेचे सल्लागार मंगळवारी दुकानात आले. उतारवयाचे गृहस्थ, खांद्याला पिशवी, पिशवीत छापील प्रश्न. आपले ग्राहक कोण, असे त्यांनी विचारले. बंधू म्हणाले, “येतील ते.” प्रतिस्पर्धी कोण? “माहीत नाही.” पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? बंधू म्हणाले, “इथंच. आणखी कुठं?”

सल्लागारांनी कागद घडी करून पिशवीत घातला. म्हणाले, “मलाही विचारलं होतं हे कुणीतरी. साबणाचा कारखाना होता माझा. पाच वर्षांनी मी कुठे पोचलो, तर तुम्हाला हाच प्रश्न विचारायला.”

यावर बंधूंच्या नाकातून थोडी हवा बाहेर पडली. अर्जदाराच्या मते ते हसू होते. तसा आग्रह नाही.

४. तेव्हापासून दर मंगळवारी बंधू दाढी करू लागले. सल्लागार यायच्या आधी दुकानातला दिवा लावू लागले, दोन कप विसळून ठेवू लागले. बंधू सल्लागारांना ‘साबणवाले’ म्हणत, आणि सल्लागार बंधूंना ‘फ्रेमवाले’. प्रगती कोणत्या निकषाने मोजतात हे अर्जदारास ठाऊक नाही, म्हणून जे घडले ते लिहिते. दुकानात गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फ्रेमा भिंतीला टेकून पडल्या होत्या. साबणवाले म्हणाले, “हे लोक येत नाहीत ना, मग आपण जाऊ.” दोघे फ्रेमा काखोटीला मारून घरोघर फिरले. एका घरी बाईंनी दार उघडले, स्वतःच्या लग्नाचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “नवरा गेला दुसरीकडे. आता हा घेऊन मी काय करू?” साबणवाले गांगरून म्हणाले, “काच चांगली आहे, बाई.” तेव्हा बंधू मध्येच म्हणाले, “फोटो काढून घेतो. त्यात आरसा बसवून देतो तुम्हाला.”

वहिनी गेल्यापासून, कोणी न विचारता बंधूंनी बोललेले हे पहिले वाक्य होय. आरसा त्यांनी त्याच आठवड्यात बसवून दिला.

५. पुढे एका मंगळवारी साबणवाले म्हणाले, “फ्रेमवाले, खरं सांगू? हे दुकान आता चालायचं नाही. लोक फोटो खिशात घेऊन हिंडतात. आणि तुमचंही मन नाही यात. बंद करा. पण माझ्यासारखं नको. मी शटर ओढलं आणि पळालो, कामगारांना तोंड दाखवलं नाही. आपण नीट बंद करू.” अर्जदारास त्या वेळी त्यांचा राग आला होता. दुकान वाचवायला पाठवलेला माणूस बुडवायला निघाला, असे वाटले. परंतु बंधूंनी मान हलवली. मग दोघांनी मिळून हातातली कामे पुरी केली, हत्यारे पुसून एका होतकरू सुताराला दिली, जागा झाडून मालकाच्या ताब्यात दिली. पाटी उतरवताना साबणवाल्यांनी शिडी धरली. खाली आल्यावर बंधू म्हणाले, “पुढच्या मंगळवारी घरी या.”

“येतो की,” ते म्हणाले.

६. त्याच सुमारास संदर्भीय पत्र आले. पत्रात बंधूंना पुढील वाटचालीस शुभेच्छा दिलेल्या आहेत. तरीही साबणवाले घरी आले, आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तीस सेवा दिल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागवण्यात आला, असे कळते. त्यांची नेमणूक कराराची, घरी खाणारी तोंडे. त्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवले असून, जुन्या लाभार्थ्यांकडे न जाण्याची ताकीद आहे. ते कधीमधी फोन करतात. बंधू फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीत.

७. अर्जदाराने आपल्या कक्षात खेटे घातले. एकदा बंधूंनाही सोबत आणले. लिपिकबाई म्हणाल्या, “काका, तुमचं प्रकरण आमच्या चौकटीत बसत नाही.” जन्मभर चौकटी करणाऱ्या माणसाला हे ऐकवल्यावर वहिनी असती तर तिने अख्खा कक्ष हसवला असता. बंधू नुसते “बरं” म्हणाले. बाईंचा स्वभाव चांगला. त्यांनी हळूच सुचवले, “नवा धंदा नोंदवा ना, लगेच सल्लागार मिळतो.” अर्जदाराने विचारले, “कसला?” त्या म्हणाल्या, “कसलाही चालेल. फक्त अडचणीत असला पाहिजे.”

त्यावर बंधूंनी विचारले, “अडचणीत येणारा कुठला, ते सांगाल?”

सगळे हसले. बंधू हसत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते.

८. आपल्या कक्षाने ठेवलेल्या ‘निर्यातीची पूर्वतयारी’ या कार्यशाळेलाही बंधू जाऊन बसले होते, कारण सहयोगी संस्थेची माणसे तेथे येतात असे त्यांना कोणीतरी सांगितले. साबणवाले आले नव्हते. बंधूंनी परदेशी पाठवायच्या खोक्यांवर काय लिहावे याची माहिती संध्याकाळपर्यंत ऐकली आणि घरी आले. कसे होते, असे विचारता “खुर्च्या चांगल्या होत्या” म्हणाले.

९. सबब, अर्जदार खालीलप्रमाणे लिहून देण्यास तयार आहे. घराच्या गॅलरीत, जुन्या फ्रेमांत आरसे बसवून देण्याचा धंदा बंधूंच्या नावे नोंदवण्यात येईल. सदर धंदा सुरुवातीपासून अडचणीत असेल व पुढेही अडचणीतच राहील, याची हमी अर्जदार देते. त्यात वाढ होऊ लागल्यास कक्षास तत्काळ कळवून ती थांबवण्यात येईल. कर्ज नको, अनुदान नको, प्रमाणपत्र नको. फक्त मंगळवारी माणूस हवा. साबणवाले मिळाल्यास उत्तम; ते शक्य नसल्यास दुसरे कोणीही चालतील. मात्र शक्यतो असे, ज्यांचे स्वतःचे काहीतरी बुडालेले आहे.

१०. दुकान बंद झाल्यावरही बंधू मंगळवारी दाढी करून दाराजवळ बसत असत. काल, मंगळवारी, त्यांनी दाढी केली नाही. अर्जदाराने पाणी तापवून दिले, ते निवून गेले. “आज मंगळवार आहे, दादा,” असे सांगितले तर “असू दे” म्हणाले. म्हणून हा अर्ज घाईने करण्यात येत आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी.

आपल्यामागे कामे पुष्कळ असतात आणि नियम आपण केलेले नाहीत, याची अर्जदारास जाणीव आहे. विनंती मान्य करणे शक्य नसेल तर तसे कळवावेच लागेल, हेही समजते. परंतु नकार टपालाने पाठवू नये. कोणाला तरी मंगळवारी घरी पाठवून, समोर बसून, तोंडी सांगावे.

आपली नम्र,
(सही)
फ्रेमवाल्यांची धाकटी बहीण

दिनांक : आज, बुधवार