माझ्या नावाचा राजीनामा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन महिना झाला. पत्र आजच लिहितेय, कारण काल मी फॅक्टरीत जाऊन आले. बोललेलं ऐकून टाइप करणाऱ्या आपल्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि आई लिहून घेतेय.

किती आनंदात गेले होते! सहा महिन्यांपूर्वी कंपनीची बस उलटली, माझी दोन्ही मनगटं मोडली, बोटं कायमची आखडली. तरी इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या फॅक्टरीतले तपासणीचे अहवाल मी नुसतं बोलून करू शकते, हे साहेबांना दाखवायचं होतं. एक अहवाल छापूनच नेला होता.

साहेब बघतच राहिले. "पण मेधा, तुमचा राजीनामा आला तेव्हाच ती जागा भरली."

"माझा राजीनामा?"

त्यांनी फाइल उघडली. 'मला आता हे काम झेपणार नाही.' खाली माझी सही. तेव्हा माझे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते, बाबा! अक्षर तुमचं. रेल्वेच्या कचेरीत घोटलेलं, मी कुठेही ओळखेन असं.

आणि त्यानंतर चार महिने तुम्ही रोज माझ्यासमोर बसलात! हेडफोन माझ्या डोक्यावर तुम्हीच चढवायचात. मशीनला माझा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून मी पानंच्या पानं वाचायचे. इतर आवाजांनी ते गोंधळायचं, म्हणून अण्णा नगरच्या त्या उकाड्यात तुम्ही पंखा बंद करून घामाघूम बसायचात. मी 'वॉल्व्ह' म्हटलं की पडद्यावर 'वुल्फ' उमटायचं.

"सावकाश, मेधा. तोंड उघडून बोल. कामावर परत जायचंय ना?"

कसं म्हणवलं हो तुम्हाला? एकदाही जीभ अडखळली नाही?

मला जपत होतात? की लोक माझ्या हातांकडे बघतील, याची तुम्हालाच लाज वाटत होती? आता विचारू कोणाला?

इथे आईने पेन खाली ठेवलं. "मला माहीत नव्हतं गं," म्हणाली. मी विश्वास ठेवला. तुमच्यावरही ठेवला होताच.

जागा गेली ती गेलीच. साहेबांनी एग्मोरच्या एका ऑफिसात फोन लावून दिला; सोमवारी तिथे काम दाखवायला जायचंय. तुम्ही असतात तर तुम्हाला सांगितलं नसतं.

अजून एक. मामा आईला सांगलीला नेतो म्हणतोय. परवा मी त्याला 'हो' म्हणून बसले, तिला न विचारता! तो होकार आज मागे घेते. कुठे राहायचं ते तीच सांगेल आणि मी ऐकेन. हे वचन तुम्हाला नाही, तिला देतेय. तुम्ही फक्त साक्षीला राहा.

तुमचीच,
मेधा