दारातून सांगितलेला सामना

क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम, अ‍ॅरिझोना, ४ ऑक्टोबर १९३८

प्रिय आई,

तुझं पत्र आणि सफरचंदाचा मुरंबा दोन्ही पोचले. खोकला कमी आहे, वजनही दीड पौंड वाढलंय. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या आवडत्या बेसबॉल संघाचं धाकट्या क्लाइडने सांगितलंच असेल. जूनमध्ये सलग अकरा सामने हरलो, ऑगस्टमध्ये जिंकत सुटलो आणि सगळं शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं. गाठ नेमकी इथल्या म्हाताऱ्या ऑस्कर आजोबांच्या लाडक्या संघाशी! शेजारच्या खाटेवरून ते उन्हाळाभर मला चिडवायचे, "अरे, तुमच्या गड्यांना बॅट कुठून धरायची ते तरी शिकवा!"

पण गेल्या आठवड्यात त्यांची तब्येत बिघडली आणि त्यांना समोरच्या खोलीत हलवलं. तिथे रेडिओ नाही. म्हणून रविवारी मी वॉर्डच्या दारात उभा राहून एकेक चेंडू त्यांना ओरडून सांगितला. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात त्यांच्या गड्याने चेंडू कुंपणापार मारला आणि आपण हरलो. ते न सांगताच मी रेडिओ बंद करायला वळलो.

आतून आजोबा म्हणाले, "काय झालं ते कळलं रे. तरी सांग, मोठ्याने सांग!"

मी तीनदा सांगितलं.

मला खाटेवरून उठायची मनाई होती. डॉक्टर रागावले, ठरल्यापेक्षा आणखी दोन महिने राहा म्हणाले. त्यामुळे नाताळला माझी वाट पाहू नकोस. क्लाइडला यातलं सगळं सांगू नकोस.

आज नर्सच्या हाती आजोबांची चिठ्ठी आली, "एप्रिलमध्ये नवा मोसम. पुन्हा बघून घेऊ." अक्षर फार थरथरलंय. मी लगेच उलट लिहिलं, "बघूच!"

तुझा, आता मुकाट पडून असलेला,
एव्हरेट