भाऊजींच्या यंत्राला घातलेली आंघोळ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगातली निम्मी अंगं कंबरेमुळे सध्या रजेवर आहेत, तेवढं चालवून घे.) तुझा गुडघा कसा आहे? बांधाबांध सुरू केलीस का? लेकीकडे कायमची निघालीस म्हणून सगळं घर उचलून नेऊ नकोस, तिथे गेल्यावर निम्मं नकोसं होईल. इकडे तुझी भावजय मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाहीये, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. माझं विचारू नकोस.

भाऊजींच्या ऑसिलोस्कोपचं काय झालं, असं तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी काही ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. स्पष्ट ऐकू येत होतं. जाण्याआधी पडद्यावरची ती हिरवी रेघ एकदा डोळे भरून बघू दे, मग ते धूड कुणाला द्यायचं त्याला दे, असं तू म्हणालीस. भाऊजी होते तोवर रोज संध्याकाळी बघायचीस, ते गेल्यापासून दोन वर्षं बंदच. छत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त केलेल्या भावाकडे बहिणीने याहून कमी ते काय मागायचं? तेव्हा झालं ते लिहूनच कळवतो. फोनवर तू मध्येच ‘बरं, मग?’ म्हणतेस आणि माझा धीर सुटतो.

तर यंत्र उघडलं. आत भाऊजींच्या सिगारेटी. म्हणजे त्यांचा धूर गं, बावीस वर्षांचा, पिवळा, चिकट, काचेच्या व्हॉल्व्हपासून स्क्रूपर्यंत सगळीकडे बसलेला. (डॉक्टर त्यांच्या छातीबद्दल काय सांगत होते ते मला त्या दिवशी खरं समजलं.) आता तुला वाटेल, विजेचं यंत्र पाण्यापासून लांब ठेवायचं. पण आमच्या धंद्यात जुनी यंत्रं साबणाच्या पाण्याने चक्क धुतात, चांगला आठवडाभर वाळवतात, आणि मगच वीज देतात. चिकटा गेला की निम्मे आजार आपोआप जातात. नियम एकच: धुण्याआधी आतलं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायचं, कारण आधीच्या कारागिराने काय काय बदललं ते आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं. हा नियम मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लाल शाईने लिहून लावला होता. लोक हसायचे.

भाऊजींनी लिहिलं होतं. मूळचे व्हॉल्व्ह मिळेनासे झाल्यावर त्यांनी दुसरेच बसवले, जोडण्या फिरवल्या, आणि कोणती तार कुठे जाते ते बाजूच्या पत्र्यावर ओळीने मांडलं, त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. मी ‘वा भाऊजी!’ म्हणालो आणि त्या लिखाणाच्या भरवशावर पाच तारा बेधडक सोडवल्या, कारण त्याशिवाय पत्रा निघेना. पाचही पिवळ्या. (कुठून तरी पिवळ्या तारेचं एक रीळ आणलं होतं त्यांनी, तेच जन्मभर पुरवलं.) मग वही शोधायला उठलो. वही सापडेना, आणि बादलीतलं पाणी निवायला लागलं. म्हटलं, तोवर दुसऱ्या बाजूचा कोरा पत्रा धुऊन घेऊ. दोन्ही पत्रे जुळ्या भावांसारखे, आणि शिंतोडे उडतात म्हणून चष्मा मी खिशात ठेवलेला! बाथरूममध्ये स्टुलावर बसून असा घासला म्हणून सांगू, पिवळं पाणी निथळताना बघून मला अगदी धन्य वाटत होतं. चष्मा लावला तर पत्रा लख्ख. फक्त खालच्या कोपऱ्यात एक ओळ उरली होती, फार दाबून लिहिलेली: ‘खटपट्यास सूचना. पत्रे धुऊ नयेत.’

ताई, मी तिथेच बसून रडलो. हिला वाटलं, साबण डोळ्यांत गेला. भाऊजींनी जे काय लिहिलं ते यंत्रांच्या पोटात, आणि त्यातलं तुझ्या घरात उरलेलं शेवटचं मी माझ्या हातांनी पुसलं. माझी मलाच लाज वाटते.

पुढचं थोडक्यात. सुटे भाग वाळवायला मंद आचेवर ओव्हनमध्ये ठेवले. नंतर हिने त्यात पाव भाजला, तर पावाला भाऊजींचा वास! तिने तो तसाच टाकून दिला आणि बोलणं बंद केलं. इकडे पाच तारा पाच जागी लावायच्या एकशेवीस तऱ्हा होतात, मी चौदा करून पाहिल्या. तिसऱ्या तऱ्हेला फ्यूज उडाला, नवव्या तऱ्हेला धूर निघाला. उरलेल्या एकशेसहा सोसायचं बळ त्या म्हाताऱ्या पडद्यात नाही. एखादी वाकडी लागली की तो कायमचा जाईल, आणि तसला दुसरा आता मिळत नाही. म्हणून हात आवरून बसलोय. तू रागाव, वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन.

तुझा,
खटपट्या

ता. क. भाऊजी तारा जोडायचे तेव्हा टॉर्च धरून तूच उभी असायचीस ना? आणि ते मोठमोठ्याने बडबडत जोडायचे, तू वैतागायचीस. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, असं म्हणशील. कळायला नकोच आहे. ते काय म्हणायचे ते आठवेल तसं लिहून पाठव, शिव्यांसकट. त्या जोडणीची नक्कल आता फक्त तुझ्या डोक्यात आहे.

आणखी एक. काही आठवलं नाही तरी ये. चौदाव्या तऱ्हेला पडद्याच्या मधोमध हिरवा ठिपका आला. रेघ नाही, नुसता ठिपका, ना हलत ना पसरत. असा एका जागी थांबलेला ठिपका फार वेळ ठेवला तर पडदा तिथे जळतो, म्हणून मी लगेच बंद केलं. एका वेळी दहा सेकंद लावता येईल. अजून कुणालाही दाखवलेला नाही.