तीन वाजताचा देवमासा

रविवार, रात्र

चि. बाळ्यास ताईचे आशीर्वाद, रीत म्हणून.

सर्वप्रथम जाहीर निषेध. तू पाठवलेल्या सहलीच्या तिकिटावर ‘चहा-नाश्ता समाविष्ट’ असं छापलं होतं. नाश्ता म्हणजे एक बिस्कीट, तेही सादळलेलं. चहा बोटीच्या पहिल्याच हिसक्याला परक्या माणसाच्या मांडीवर. माणसानं सोसायचं तरी किती?

बाकी बोट छान. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काचबिंदूचे डॉक्टर “जे बघायचं ते लवकर बघून घ्या” म्हणाले, तेव्हापासून त्यांनी देवमाशाचा धोशा लावलाय. तू तो फोनवर ऐकतोस. मी फोन ठेवल्यानंतरचाही ऐकते.

शेजारच्या बाईंना ते सांगत होते, “मुलानं पाठवलंय. लाखात एक पोरगा! ही मुलगी. घरीच असते, हिला कुठे काय काम? म्हटलं, चल सोबतीला.” मी तेव्हा त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते.

तेवढ्यात बोटवाला कर्ण्यातून ओरडला, “तीन वाजता! तीन वाजता!” यांची भाषा अशी, की बोटीचं तोंड म्हणजे बारा आणि उजवा हात म्हणजे तीन. सगळे उजवीकडे धावले. आपले बाबा उभा जन्म घड्याळं दुरुस्त केलेले. मनगट डोळ्यांना चिकटवून म्हणाले, “आत्ताशी साडेअकरा. लोकांना भारी घाई!” आणि डावीकडे तोंड करून बसून राहिले.

तो वर आला, बाळ्या. घराएवढा. शेपूट उभं केलं आणि गेला. बाई किंचाळल्या.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही, बगळे,” मी म्हटलं आणि बिस्कीट खाल्लं.

ज्यांना दिसला नाही त्यांना पुढची फेरी फुकट होती. उतरल्यावर तिकीट-खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “दोघांनाही दिसला ना?” मी “हो” म्हटलं.

बाबा मात्र धक्क्यावरून हलेनात. “तीन सांगितलंय ना? वक्तशीर जनावर दिसतंय.” उन्हात बसून राहिले. तीन वाजले तेव्हा मीच म्हटलं, “ते बघा बाबा, समोर!”

समोर एक उलटी टाकलेली काळी होडी होती. ते धडपडत उठले. “केवढा गं! लेकाला कळव. म्हणावं, तुझ्यामुळे दिसला.”

तर कळवलं. तुझ्यामुळे दिसला. माझ्याकडचं देणं फिटलं.

खरं काय ते तू सांग त्यांना. तुझं ऐकतात.

— ताई