बाबांच्या जनाज्याची नमाज

मीना अल-अहमदी, कुवेत
१९५६

प्यारी अम्मा, सिराजचा सलाम.

मी खुशाल आहे, खोकला थोडाच. इथे पापलेटला जुबैदी म्हणतात, चव मात्र आपलीच.

हां, मुद्दा राहिला. आमचा फोरमन डगलस कॅनडाचा. बाबा गेले त्या इटलीच्या लढाईत तो बाबांच्या मराठा पलटणीशेजारीच होता. बाबांना ओळखत नव्हता, पण म्हणाला, "तुमचे मुसलमान शिपाई नमाजेआधी हातपाय धुवायला पाणी नसलं की मातीवर हात मारून तोंडावर फिरवायचे. मला वाटलं, खुळे झाले! मग रांगेत उभे राहायचे. नमाजेशिवाय त्यांनी एकाही सोबत्याला पुरलं नाही."

इतकी वर्षं तू हेच विचारत होतीस ना, अम्मा? आता बाबांच्या नावाची फातिहा रडत नको, मोठ्याने वाच.

धाकट्या जमिलाचा ताप उतरला का?

तुझा भटक्या,
सिराज