ओढ्याकाठच्या जागेसाठी नवी रायफल

चि. वर्नाला ऑल्डनदादाचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या मर्लरावांचा खोकला हटला का? आम्ही इकडे ठणठणीत. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून मी सांगतोय आणि थेल्मा लिहितेय. कंसात जे असेल ते तिचं, मी त्याला जबाबदार नाही. (चष्मा नाकावरच आहे.)

तर गेल्या नोव्हेंबरात हरणाने मला चकवलं, ते मर्लरावांनी तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. साठ पावलांवर होतं. (वीस.) आमच्या शिकारीच्या खोपटातल्या रिवाजाप्रमाणे, नेम चुकला म्हणून माझ्या सदऱ्याची मागची शेपटी कापून भिंतीला ठोकली, त्याचं मला काही नाही, तिथे मर्लरावांच्याही तीन आहेत. पण ते म्हणाले, यंदा चुकलात तर ओढ्याकाठची जागा रॉडनीला. तुझा जावई गुणी आहे गं, पण चाळीस वर्षं मी त्या ओंडक्यावर बसतोय, त्याला माझ्या बैठकीचा आकार आलाय. तो असा सोडवेल का?

दोष जुन्या रायफलीचा, हे उघड होतं. म्हणून शनिवारी थेल्माला घेऊन ओटिसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. म्हटलं, आपल्या मेन राज्यातल्या दाट झाडीतलं काम, नेम जवळचा, लिव्हर खालीवर करून गोळी चढवायची ती दाखव. त्याने काउंटरभर मांडल्या. पहिलीची नळी इतकी लांब, की फांद्याफांद्यांना वाट मागत फिरावं लागलं असतं. दुसरी आखूड, पण घोडा एवढासा; हातमोज्यात सापडायचा नाही. तिसरीची लिव्हर मात्र अशी लोण्यासारखी खालीवर व्हायची, की मी अकरा वेळा करून पाहिली. (चोवीस. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.) ओटिसने शेगडीच्या वर भुसा भरलेलं हरणाचं डोकं टांगलंय, रिकाम्या रायफलीने नेम धरून पाहायला. मी खांद्याला लावली, नळीच्या टोकाची माशी जुळवली आणि म्हटलं, "ओटिस, काय देखणा नर आहे रे. शिंगांना आठ टोकं."

ओटिस खाकरला. "ऑल्डनकाका, ती कोट अडकवायची फळी आहे. आणि कोट माझा."

दुकान हसलं, मीही हसलो. उजेडच तसा होता. (भर दुपार.) मग वजन बघते म्हणत थेल्माने ती माझ्या हातून घेतली. ती डावखुरी, आणि या रायफलीला डावं-उजवं दोन्ही चालतं. खांद्याला लावली ती खाली ठेवेचना. शेवटी तीच घेतली. मी निवडली. (बरं.)

मर्लरावांना कळव, मी तयार आहे.

तुझा दादा

ता.क. वन्सं, हे खुर्चीत झोपलेत, म्हणून आता कंसाबाहेर लिहिते. यांना मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रिया जानेवारीत, तोवर भरलेली बंदूक मी यांच्या हाती देणार नाही. पण ती जागा गेली तर हे खचतील. मर्लरावांना म्हणा, यंदा ओंडक्यावर आम्ही दोघं. रायफल माझी, चाप मी ओढीन. वारा कुठला आणि हरण कुठून येणार, हे यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. खोपटात बाई चालत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

ता.क. दुसरा. ओळी घसरल्या तर सांभाळून घे, हे मी स्वतः लिहितोय. झोपलो नव्हतो; थेल्मा लिहिताना पुटपुटते. तिचं म्हणणं मान्य करायला लाव मर्लरावांना. फक्त हरण दिसलं की तिने मला कोपराने ढोसावं, एवढं तूच तिला सुचव. मी सांगितलं, तर मला दिसत नाही हे कबूल केल्यासारखं होईल.